व्यवसाय अर्थशास्त्राची ‘असोसिएट’ पदवी : महाविद्यालय निवडताना

बारावीनंतर अमेरिकेत घेता येणारी ‘असोसिएट’ पदवी दोन वर्षांची, साधारणतः ६० श्रेयांकांची असते. तेथील सार्वजनिक ‘कम्युनिटी कॉलेजां’त ती तुलनेने कमी खर्चात मिळते. उरलेली दोन वर्षे विद्यापीठात पूर्ण केली की ‘बॅचलर’ पदवी हाती येते. केवळ पहिल्या टप्प्यावर थांबणारा भारतात पदवीधर ठरत नाही. त्यामुळे महाविद्यालय पाहायचे, ते तेथून पुढे कोठे जाता येते हे विचारूनच.

कॅलिफोर्नियात ही माहिती उघड असते. कोणत्या महाविद्यालयाचा कोणता विषय कोणत्या विद्यापीठात ग्राह्य आहे, हे ‘असिस्ट’ या संकेतस्थळावर पाहता येते. सूक्ष्म आणि स्थूल अर्थशास्त्राबाबत सहसा अडचण येत नाही. खरी मेख असते गणितात. वाणिज्य शाखेसाठीचे सोपे कॅल्क्युलस एका विद्यापीठाला चालते, दुसऱ्याला चालत नाही. मग एक सत्र आणि त्याचे शुल्क दोन्ही वाया जातात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस संकुलात व्यवसाय अर्थशास्त्राचा नावाजलेला अभ्यासक्रम आहे. मात्र डेव्हिस, अर्व्हाइन, रिव्हरसाइड आदी सहा संकुले अटींसह देतात ती प्रवेशाची हमी तेथे नाही.

माहितीपत्रकात ठळक छापलेले शुल्क बहुधा राज्यातील रहिवाशांसाठीचे असते. परदेशी विद्यार्थ्याला त्याच्या कित्येक पट मोजावे लागतात. शिवाय ‘आय-२०’ पत्र देण्याचा अधिकार संस्थेला नसेल, तर तेथील प्रवेशावर विद्यार्थी व्हिसा मिळत नाही.