स्पर्श-स्प्रिंग, विद्युतचुंबकीय कवचातील

कवचाच्या दोन धातुभागांमधली फट विजेच्या दृष्टीने बुजवणारी लवचीक धातुपट्टी. कारखान्यांत हिला ‘फिंगर स्ट्रिप’ म्हणतात. मोबाइलच्या सर्किट बोर्डावर झाळलेला सुटा नग म्हणजे ‘ग्राउंडिंग स्प्रिंग’.

धातूची पेटी घट्ट बंद दिसली, तरी झाकण चौकटीला मोजक्याच ठिकाणी टेकते. कवचातून वाहणारा उच्च वारंवारतेचा प्रवाह उरलेल्या फटीपाशी अडतो आणि ती फटच अँटेना बनते. इथे फटीच्या रुंदीपेक्षा लांबी महत्त्वाची, आणि नवख्यांची फसगत होते ती इथेच. 1 गिगाहर्ट्झला तरंगलांबी 30 सेंमी असते. त्या वारंवारतेला 15 सेंमी लांबीची केसभर फटसुद्धा कवच जवळपास निकामी करते. तीच दीड सेंमीवर आणली, की सुमारे 20 डेसिबल संरक्षण मिळते, म्हणजे शक्तीचा शंभरावा हिस्साच बाहेर पडतो. स्प्रिंगची बोटे लांब फटीचे असे आखूड तुकडे पाडतात.

उत्तम स्प्रिंग बेरिलियम-तांब्याची. त्यात बेरिलियम सुमारे 2 टक्के. आकार दिल्यावर साधारण 315° सें.ला तापवून ती कणखर करतात. फॉस्फर ब्राँझ व स्टेनलेस स्टीलही चालते. ॲल्युमिनियमच्या चौकटीला टेकणाऱ्या बोटांवर कथिलाचा मुलामा बरा. सोन्याचा दिल्यास दमट हवेत ॲल्युमिनियम खाल्ले जाते.

या कामाचे मोल खोडद (जि. पुणे) येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीपाशी नीट कळते. 45 मी. व्यासाच्या तिच्या 30 अँटेना जे खगोलीय संकेत टिपतात, ते जान्स्की या एककात मोजतात: दर चौ. मीटरला, दर हर्ट्झला 10⁻²⁶ वॅट. एवढ्या क्षीण संकेतांपुढे जवळच्या संगणकाचा गोंगाटही प्रचंड ठरतो, म्हणून दुर्बिणीला स्वतःची डिजिटल यंत्रणाही कवचात कोंडावी लागते. कवचबंद खोल्यांच्या दाराला सहसा पात्यासारखी कड असते. ती चौकटीतल्या बोटांच्या रांगांमध्ये घुसते. वाकलेले वा तुटलेले प्रत्येक बोट तिथली फट लांबवते, तेव्हा दाराची तपासणी नेमाने व्हायलाच हवी.

दुसरबीडसारख्या गावातल्या मोबाइल दुरुस्तीच्या टेबलावरही हाच नियम लागू होतो. फोनमधल्या काही स्प्रिंगा अँटेनाचा संपर्कही सांभाळतात. दबलेली स्प्रिंग तशीच सोडली तर रेंज घटू शकते. काळी पडलेली स्प्रिंग पॉलिश पेपरने घासू नये: मुलामा जातो, आणि ती बेरिलियम-तांब्याची असेल तर तिची धूळ फुप्फुसांना घातक असते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी, नाहीतर बदलावी.