'डबा' : अर्भकांच्या फुप्फुसदाहाची एक लोकसंज्ञा

मराठी भाषेत 'डबा' हा शब्द उच्चारताच आज धातूचे झाकणाचे पात्र, आगगाडीचा डबा किंवा दुपारचे जेवण डोळ्यांपुढे येते. परंतु याच शब्दाचा आणखी एक अर्थ आहे व तो एके काळी घरोघरी धसका निर्माण करणारा होता. मोल्सवर्थ यांच्या १८३१ व १८५७ च्या कोशांपासून सुरू झालेल्या मराठी-इंग्रजी कोशपरंपरेत लहान मुलांच्या फुप्फुसांचा दाह असाही 'डबा'चा अर्थ आढळतो. 'बाळाला डबा झाला' या वाक्यात आजच्या परिभाषेतील न्यूमोनिया अभिप्रेत असे. या संज्ञेचा इतिहास पाहिल्यास रोगाचे नाव आणि रोगावरील उपाय यांचा संबंध किती जवळचा असतो, हे ध्यानात येते.

कोशकारांनी दिलेला अर्थ मात्र अंशतःच खरा मानावा लागतो. 'फुप्फुसांचा दाह' ही शवविच्छेदनावर उभी राहिलेली कल्पना आहे. फ्रेंच वैद्य लाएनेक याने १८१९ मध्ये स्टेथॉस्कोपविषयीचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि छातीतील ध्वनींवरून आतील विकृती ओळखण्याची पद्धत रूढ झाली. 'डबा' म्हणणाऱ्या आजीजवळ यांपैकी काहीच नव्हते. तिला दिसत होते ते फुगलेले, ताठ झालेले व श्वासागणिक उडणारे पोट. पोटाच्या या आकारावरूनच बहुधा हे नाव पडले असावे. त्यामुळे फुप्फुसदाहाबरोबरच श्वासनलिकांचा दाह, इतकेच नव्हे तर केवळ वाताने आलेली पोटफुगीदेखील या एकाच नावाखाली येत असे. म्हणजे कोशातील अर्थ हा लक्षणसमूहाच्या नावाला दिलेला अवयवाचा पर्याय होय.

तथापि, आजीचे निरीक्षण चुकीचे होते असे म्हणता येत नाही. अर्भकाचा श्वास मुख्यतः श्वासपटलाच्या आधारे चालतो. त्याच्या बरगड्या मऊ व बऱ्याचशा आडव्या असतात. फुप्फुसे ताठर झाली की श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जातो आणि पोट बाहेर येते. हिंदी भाषकांनी याच दृश्यातील बरगड्यांकडे पाहून त्याला 'पसली चलना' म्हटले. 'डब्बा' हा शब्दही तिकडे आहेच. मराठी माणसाची नजर पोटावर खिळली.

आणि येथेच अनर्थ झाला. रोग पोटात आहे असे एकदा नावानेच ठरविल्यावर उपायही पोटावर होऊ लागले. हिंगाचा लेप, एरंडेल, शेक हे त्यांतील सौम्य प्रकार. बिब्ब्याचा किंवा तापलेल्या लोखंडाचा डाग हा कठोर प्रकार. उत्तरकालीन आयुर्वेदीय बालरोगविचारातही 'उत्फुल्लिका' या पोट फुगविणाऱ्या विकारावर डाग देण्याचा उपाय आढळतो. तेव्हा या प्रथेस केवळ अशिक्षितांचे अज्ञान म्हणून बाजूस सारणे योग्य नाही. अमरावती जिल्ह्यातील मेळघाटात तापलेल्या विळ्याने तान्ह्या मुलाच्या पोटावर चटके देण्याची 'डंबा' ही प्रथा एकविसाव्या शतकातही वृत्तपत्रांतून समोर येत राहिली आहे. चटक्यांनी मूल दगावले नाही तरी औषधोपचाराचा मोलाचा वेळ निघून जातो.

शास्त्रीय मराठीने 'फुप्फुसदाह' हा शब्द स्वीकारला. यातील 'फुप्फुस' प्राचीन खरे, पण सुश्रुतसंहितेत ते हृदयाच्या डाव्या बाजूस सांगितले असून उजवीकडे 'क्लोम' आहे. दोन्ही बाजूंच्या अवयवांना 'फुप्फुसे' म्हणणे हा अर्वाचीन वापर होय. शब्द निर्दोष असला तरी तो पाठ्यपुस्तकातच राहिला. बोलीत स्थिरावला तो 'न्यूमोनिया', आणि तोही उच्चाराला अवघड असूनही! डॉक्टरांच्या तोंडून तो औषधासह आला, हे त्याचे कारण असावे. सल्फापिरिडीन १९३८ मध्ये वापरात आले व पाठोपाठ पेनिसिलिन आले. त्यापूर्वी या रोगाला कोणत्याही भाषेतील नाव दिले तरी उपाय जवळजवळ नव्हताच.

पुढील वळण विशेष लक्षणीय आहे. १९८० च्या दशकात फ्रँक शान यांनी पापुआ न्यू गिनीत केलेल्या कामातून क्ष-किरण व स्टेथॉस्कोप यांच्याविना निदान करण्याची रीत पुढे आली. जागतिक आरोग्य संघटनेने श्वासांची गती आणि छातीचे आत ओढले जाणे या दोन खुणा ग्राह्य धरल्या. दोन महिन्यांखालील बालकात मिनिटास ६०, दोन महिने ते एक वर्ष या वयात ५० व त्यापुढे पाच वर्षांपर्यंत ४० श्वास ही मर्यादा ठरली. दुसरी खूण म्हणजे 'डबा' या नावामागील दृश्याचीच दुसरी बाजू होय. विज्ञान दीडशे वर्षांनी पुन्हा आजीच्या जागी येऊन बसले. फरक एवढाच की, आता हातात मोजमाप व प्रतिजैविक होते.

डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत हेच केले. ५८ गावांत मातांना लक्षणे ओळखण्यास शिकविले गेले आणि गावातील आरोग्यसेवक व दाया यांच्या हाती कोट्रायमोक्साझोल देण्यात आले. अक्षरओळख नसलेल्या दायांना श्वास मोजता यावेत म्हणून मणी व वाळूचे घड्याळ असलेले साधे उपकरण तयार झाले. १९९० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पाच वर्षांखालील दर हजार बालकांमागे न्यूमोनियाने होणारे मृत्यू या गावांत ८.१, तर तुलनेच्या ४४ गावांत १७.५ होते. पोट उडताना पाहून ज्या दाईकडे पूर्वी मूल नेले जाई, तिच्याकडेच ते पुढेही नेले गेले. मात्र तिच्या हाती आता विळ्याऐवजी औषधाची बाटली होती.