पण्डक, प्रव्रज्या आणि लोकापवाद

समलिंगी व तृतीयपंथी व्यक्तींचे समाजातील स्थान हा प्रश्न आता न्यायालयापुरता उरलेला नाही. तो विहाराच्या उंबरठ्यावर येऊन ठेपला आहे. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांची स्वतंत्र लिंगओळख मान्य केली. ६ सप्टेंबर २०१८ रोजी त्याच न्यायालयाने प्रौढांच्या संमतीने होणाऱ्या समलिंगी संबंधांना भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ मधून वगळले. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने मात्र समलिंगी विवाहास मान्यता नाकारली. या घडामोडींनंतर घराघरांतून चर्चा सुरू झाली, आणि बौद्ध घरांतून ती आमच्यासारख्या पालीच्या अभ्यासकांपर्यंत एका ठरावीक प्रश्नाच्या रूपाने येऊ लागली : विनयात याविषयी काय सांगितले आहे?

या प्रश्नाची दोन उत्तरे सध्या प्रचलित आहेत. विनयाने पण्डकाला संघाचे दार बंद केले, म्हणून अशा व्यक्ती धम्माला मान्य नाहीत, हे एक. तथागतांचा धम्म समतेचा, म्हणून तेथे असा भेद कधी नव्हताच, हे दुसरे. दोन्ही उत्तरे देणाऱ्यांनी मूळ ग्रंथ उघडून पाहिलेला नसतो, असा आमचा अनुभव आहे.

महावग्गाच्या पहिल्या खंधकात ही कथा येते. एक पण्डक प्रव्रजित झाला होता. त्याने प्रथम तरुण भिक्खूंकडे, मग सामणेरांकडे लैंगिक मागणी केली. दोघांनीही त्याला झिडकारले. तेव्हा तो हत्तीखान्यातील व घोड्यांच्या तबेल्यातील माणसांकडे गेला, आणि त्यांनी त्याची मागणी पुरविली. पुढे याच माणसांनी बोभाटा केला की, हे शाक्यपुत्रीय श्रमण पण्डक आहेत, आणि जे पण्डक नाहीत तेही पण्डकांशी संग करणारे आहेत. ही वार्ता तथागतांच्या कानी गेली आणि नियम झाला : पण्डकाला उपसंपदा देऊ नये, दिली गेली असल्यास त्याला संघातून दूर करावे. ज्यांनी कृत्य केले त्यांनीच निंदा केली, ही या कथेतील विसंगती अट्ठकथाकारांच्या नजरेत भरलेली दिसत नाही. आम्हांस ती फार बोलकी वाटते.

हा नियम एकटा वाचला तर त्याचा अर्थ एक होतो. त्याच खंधकातील शेजारच्या नियमांसह वाचला तर दुसरा. सीमेवरील बंडाव्याला जाण्याऐवजी राजसैनिक चीवर धारण करू लागले. तेव्हा बिंबिसाराने तथागतांना विनविले की, श्रद्धाहीन राजे अशाने भिक्खूंना त्रास देतील. म्हणून राजसैनिकास प्रव्रज्या नाही. मगधात पाच रोगांची साथ होती. जीवकाकडून फुकट उपचार मिळावेत म्हणून रोगी प्रव्रजित होत आणि बरे होताच चीवर टाकत. म्हणून जीवकाच्या विनंतीवरून कुष्ठ, गंड, किलास, शोष व अपस्मार असलेल्यांस प्रव्रज्या नाही. राहुलाच्या प्रव्रज्येने व्यथित झालेल्या शुद्धोदनाच्या विनंतीवरून आईबापांच्या अनुमतीवाचून प्रव्रज्या नाही. ऋणकोस नाही. आणि दासासही नाही. पळून आलेल्या दासाला धन्यांनी भिक्खूंमध्ये ओळखले, पण बिंबिसाराच्या अभयामुळे त्याला हात लावता येईना. तेव्हा लोक कुरकुरू लागले, आणि नियम झाला. दास हा धम्माला अपात्र होता, असे आपल्यापैकी कोणी म्हणेल काय? दासाला मज्जाव झाला तो दासाच्या दोषामुळे नव्हे. धन्यांची मालकी, राजाचा आश्रय आणि भिक्षा घालणाऱ्या गावाचे मत यांवर संघाचे अस्तित्व टिकून होते, यामुळे तो झाला. लोक कुरकुरतात, चिडतात, निंदा करतात, या तीन क्रियापदांचा ठराविक सांचा विनयात नियमांच्या आरंभी पुनःपुन्हा येतो. हा लोकापवाद हीच बहुतेक नियमांची जननी होय.

येथे एक भेद लपविण्यात अर्थ नाही. दास किंवा सैनिक यांस प्रव्रज्या दिल्यास देणाऱ्यास दुक्कट आपत्ती होते, पण घेतलेली प्रव्रज्या मोडत नाही. पण्डकाची उपसंपदा मात्र टिकतच नाही. मातृघातक, पितृघातक, संघभेदक अशा अकरा जणांच्या यादीत त्याला व उभतोब्यंजनकाला, म्हणजे उभयलिंगी व्यक्तीला, बसविले आहे. विनयाने हे दार अधिक घट्ट लावले, हे मान्य करूनच पुढे जावे लागते.

तथापि दार का लागले याचा पुरावा अंगुत्तर निकायाच्या पंचक निपातातही आहे. भिक्खूने कोणाकडे वारंवार जाऊ नये, हे तेथे सांगितले आहे : वेश्या, विधवा, अविवाहित प्रौढ स्त्री, पण्डक आणि भिक्खुणी. कारण असे की तो अर्हत असला तरी लोक त्याच्याविषयी शंका घेतील. या पंक्तीत विधवा आहे, भिक्खुणीही आहे. दोष त्या पाच जणांचा नाही, पाहणाऱ्यांच्या संशयाचा आहे, हे यापेक्षा स्पष्ट काय असावे?

आता पण्डक म्हणजे कोण? हॉर्नर यांनी विनयाच्या इंग्रजी अनुवादात खच्ची केलेला पुरुष या अर्थाचा शब्द वापरला. पुढे लिओनार्ड झ्विलिंग यांनी १९९२ मध्ये हा अर्थ अपुरा असल्याचे दाखविले. आमच्या मते या बाबतीत पाचव्या शतकातील बुद्धघोषांना विचारणे बरे. समन्तपासादिकेत ते पाच प्रकार सांगतात. आसित्तपण्डक, ज्याची कामाग्नी दुसऱ्या पुरुषाशी मुखमैथुन करून शमते. उसूयपण्डक, ज्याची इतरांचा संभोग पाहून व मत्सर जागून शमते. ओपक्कमिकपण्डक, ज्याचे वृषण काढलेले आहेत. पक्खपण्डक, जो कृष्णपक्षात पण्डक असतो आणि शुक्लपक्षात ज्याचा दाह शांत होतो. आणि नपुंसकपण्डक, जो गर्भधारणेपासूनच लिंगभावरहित आहे. यानंतरचे वाक्य अभ्यासकांनीही पुरेसे लक्षात घेतलेले नाही. पहिल्या दोघांना प्रव्रज्येस प्रतिबंध नाही, उरलेल्या तिघांना आहे. आणि पक्खपण्डकाला तो ज्या पक्षात पण्डक असतो त्या पक्षापुरताच, असे कुरुन्दी या प्राचीन सिंहली अट्ठकथेच्या आधारे बुद्धघोष नमूद करतात. म्हणजे आज आपण ज्याला समलिंगी पुरुष म्हणू त्याच्या सर्वांत जवळचा जो आसित्तपण्डक, त्यालाच परंपरेच्या सर्वश्रेष्ठ टीकाकाराने दार उघडे ठेवले आहे! विनयाच्या नावाने समलिंगी तरुणाला बोल लावणाऱ्यांनी निदान बुद्धघोष तरी वाचावेत.

आपत्तींची चढउतारही पाहण्यासारखी आहे. मैथुनाची पाराजिक आपत्ती स्त्री, पुरुष, पण्डक, उभतोब्यंजनक या सर्वांच्या बाबतीत सारखीच; पुरुषाशी केले म्हणून अधिक नाही. कामेच्छेने केलेल्या स्पर्शाच्या बाबतीत तर स्त्रीस्पर्शाला संघादिसेस, पण्डकस्पर्शाला थुल्लच्चय आणि पुरुषस्पर्शाला केवळ दुक्कट. उपासकांसाठी असलेल्या तिसऱ्या शीलाची व्याख्या मज्झिम निकायाच्या सालेय्यक सुत्तात आहे. आईच्या, बापाच्या, भावाच्या, बहिणीच्या वा ज्ञातीच्या रक्षणातील स्त्री, विवाहिता, वाग्दत्ता, इतक्यांशी गमन म्हणजे मिथ्याचार. समलिंगी संबंधांचा तेथे उल्लेख नाही. पुढे संस्कृत परंपरेत वसुबंधूंनी अयोग्य अंग, स्थळ व काळ यांची भर घातली; तिबेटी परंपरेतील कठोरता तेथून आलेली आहे.

या सर्वांहून विलक्षण असा एक प्रसंग पहिल्या पाराजिकाच्या विनीतवत्थूत आहे. एका भिक्खूच्या ठिकाणी स्त्रीलिंग प्रकट झाले. भिक्खूंनी ही गोष्ट तथागतांना सांगितली. त्यांनी त्या व्यक्तीला दूर केले नाही, तिच्या पूर्वकर्माची चौकशी केली नाही, नव्याने उपसंपदा घ्यावयासही सांगितले नाही. तोच उपाध्याय, तीच उपसंपदा, तीच वर्षे धरून तिने भिक्खुणींमध्ये जावे. दोन्ही संघांना समान असलेल्या आपत्तींचे निवारण भिक्खुणींसमोर करावे. ज्या आपत्ती केवळ भिक्खूंच्या, त्यांतून ती मुक्त. भिक्खुणीच्या ठिकाणी पुरुषलिंग प्रकट झाले तेव्हाही हाच निर्णय. ज्येष्ठतेचे एक वर्षही कमी झाले नाही. आज लिंगांतरानंतर शाळेचा दाखला आणि नोकरीतील सेवाकाल जुळवून घेण्यासाठी कचेऱ्यांचे उंबरठे झिजविणाऱ्या व्यक्तींना हा निर्णय वाचून काय वाटेल, असा विचार आमच्या मनात येतो. धम्मपद अट्ठकथेतील सोरेय्याची कथाही या संदर्भात सांगितली जाते. महाकच्चानांच्या कांतीवर लुब्ध होऊन तो श्रेष्ठिपुत्र स्त्री झाला, तक्षशिलेस त्याचा विवाह झाला, तेथे त्याला दोन पुत्र झाले. पुढे क्षमा मागून तो पुन्हा पुरुष झाला आणि अर्हत्पदास पोचला. पण तेथे स्त्रीत्व हे शिक्षेसारखे येते. तिचा दाखला उत्साहाने देणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

शिक्षेची ही कल्पना उत्तरकालीन वाङ्मयात घट्ट होत गेली. मिलिन्दपञ्हात, सम्यक् आचरण करूनही ज्यांना धम्माचा साक्षात्कार होत नाही अशांत पण्डक व उभतोब्यंजनक आहेत. विसुद्धिमग्गात ते क्लेशांच्या आवरणाने झाकलेले म्हणून ध्यानास अपात्र ठरतात. मिलिन्दपञ्हाच्याच दुसऱ्या एका यादीत, गुपित ज्यांच्यापाशी टिकत नाही अशांत, पण्डकाबरोबर स्त्रीही बसलेली आहे; त्यावरून या याद्या कोणत्या मातीतून उगवल्या हे कळून यावे. थेरीगाथेत इसिदासी आपले पूर्वजन्म सांगते. परस्त्रीगमनाचे फळ म्हणून नरक, मग खच्ची केलेले पशुजन्म, आणि मग दासीच्या पोटी, स्त्रीही नव्हे आणि पुरुषही नव्हे असा जन्म. अशा रीतीने संघाच्या लौकिकासाठी केलेला प्रवेशाचा नियम हळूहळू माणसाच्या जन्मावर मारलेला शिक्का बनला.

थायलंडमध्ये या कर्मकल्पनेचे दोन परिणाम झाले. पीटर जॅक्सन यांनी १९९० च्या दशकात तेथील बौद्ध लेखनाचा अभ्यास करून दाखविले की, काहींनी 'कथोई' असणे हे पूर्वकर्माचे फळ, म्हणून या जन्मी निर्दोष व करुणेस पात्र मानले. तर एड्सच्या भीतीनंतर इतरांनी समलिंगी आचरण हा जाणूनबुजून केलेला दुराचार ठरविला. करुणेचा पहिला मार्ग अर्थातच बरा. जानेवारी २०२५ पासून तेथे समलिंगी विवाहाचा कायदाही लागू झाला. परंतु आम्हांस, महाराष्ट्रातील बौद्धांस, तो पहिला मार्गही स्वीकारता येईल काय?

याचे उत्तर 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात आहे. माणसाची आजची स्थिती त्याच्या गतजन्मीच्या कर्मावर ढकलण्याच्या सिद्धांताची बाबासाहेबांनी तेथे तपासणी केली आणि तो नाकारला. गरीब व हीनदीनांच्या दुःस्थितीच्या जबाबदारीतून राज्याला व समाजाला सुटका मिळावी, हाच त्याचा उपयोग, असे त्यांचे म्हणणे आहे. ज्या युक्तीने आमच्या पूर्वजांना गावकुसाबाहेर ठेवले, तीच युक्ती घरात जन्मलेल्या समलिंगी वा तृतीयपंथी मुलासाठी आम्ही जपून ठेवावी, हे कोणत्या न्यायाने? मुलगा असा निघाला तो कोणत्या पापाने, असे आईबाप विचारतात. त्यांना विहारात कर्मविपाकाचे उत्तर मिळत असेल, तर ते उत्तर देणाऱ्याने १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात काय टाकून दिले गेले याचा विचार केलेला नाही.

कायद्याच्या इतिहासातही हे नाते दिसते. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा आपल्या भटक्या-विमुक्त बांधवांना ठाऊक आहे. 'हिजड्यां'च्या नोंदणीचा भाग त्याच कायद्यात होता, हे फारसे कोणी सांगत नाही. आणि १९३४ साली र. धों. कर्वे यांच्यावर 'समाजस्वास्थ्य'मधील प्रश्नोत्तरांबद्दल अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा त्यांचे वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतले होते. वाचकांच्या त्या प्रश्नांत समलिंगी संबंधांविषयीचेही प्रश्न होते. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. एवढ्यावरून बाबासाहेबांचे या विषयावरील संपूर्ण मत काढणे धाडसाचे होईल. पण विचारलेल्या प्रश्नाला शास्त्रीय उत्तर मिळाले पाहिजे, या बाजूने ते उभे होते.

उपसंपदेचा प्रश्न भिक्खुसंघाच्या अखत्यारीतला आहे, आणि त्यात उपासकांनी निर्णय देऊ नये. उपसंपदेच्या वेळी उमेदवाराला आजही विचारतात की तू दास नाहीस ना, राजाचा सैनिक नाहीस ना. त्या प्रश्नांचा काळ सरला, विधी उरला. पण उपासकाला असा अडसर पाली तिपिटकात कोठे आमच्या पाहण्यात नाही. त्रिशरण-पंचशील घेण्यासाठी, धम्मवर्गाला बसण्यासाठी, दान देण्यासाठी लिंगाची पृच्छा करावी, असे कोणतेही सुत्त सांगत नाही. तैवानमध्ये ११ ऑगस्ट २०१२ रोजी, तेथील कायदा होण्याच्या सात वर्षे आधी, भिक्खुणी चाओ-ह्वेई यांनी दोन स्त्रियांचा विवाह बौद्ध विधीने लावला. आपल्याकडे बौद्ध विवाह हा संस्कार नव्हे, मंगलसमयी घेतलेली प्रतिज्ञा होय. तेव्हा कायद्याची मान्यता नसली तरी दोघांसाठी मंगलसुत्ताचे पठण करण्यास बौद्धाचार्यांना अडचण कसली, हे आम्हांस समजत नाही.

राहता राहिला शब्दाचा प्रश्न. विनयाच्या मराठी रूपांतरात 'पण्डक' या शब्दासाठी काय लिहावे, याविषयी आमच्या सहकाऱ्यांत मतभेद आहेत. 'हिजडा' लिहिले तर मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे आजची, टाळ्या वाजवून पैसे मागावे लागणारी व्यक्ती येते, आणि बुद्धघोषांच्या पाचांपैकी एकही प्रकार तिच्याशी पुरता जुळत नाही. 'समलिंगी' तर सपशेल चूक. 'षंढ' एकाच प्रकाराला लागू पडतो. आमचे मत असे की, मूळ शब्द तसाच ठेवावा आणि खाली समन्तपासादिकेतील पाचही प्रकार, कोणाला प्रव्रज्या वारित नाही या वाक्यासह, पूर्ण द्यावेत.