मुंबईचा डेटा मुंबईतच: इंटरनेट कंपन्या एकमेकींशी जाळी का जोडतात?

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजारमध्ये कुणी मोबाइलवर सातबारा उघडला. फोनमधले सिम एका कंपनीचे आहे. सातबाऱ्याचा सर्व्हर, समजा, मुंबईत दुसऱ्याच कंपनीच्या जाळ्यावर आहे. गाव ते मुंबई हे अंतर साधारण २५० किलोमीटर. मग माहितीने किती प्रवास करायला हवा? तेवढाच, असे कुणालाही वाटेल. पण दोन्ही कंपन्यांची जाळी भारतात कुठेच जोडलेली नसतील, तर हीच माहिती परदेशाला वळसा घालून येऊ शकते. एके काळी भारतात हे सर्रास घडत होते.

इंटरनेट नेमके कुणाचे?

इंटरनेट म्हणजे एक जाळे नाही, तर हजारो स्वतंत्र जाळ्यांची जोडणी आहे. मोबाइल कंपनी, गावातला केबलवाला इंटरनेट पुरवठादार, विद्यापीठ, व्हिडिओ दाखवणारी कंपनी अशी प्रत्येकाची जाळी वेगळी. जगाशी जोडल्या जाणाऱ्या अशा जाळ्याला 'स्वायत्त प्रणाली क्रमांक' मिळतो. या क्रमांकावरून इतर जाळी त्याला ओळखतात.

दोन जाळी जोडण्याचे मुख्य प्रकार दोन. एक म्हणजे 'ट्रान्झिट': लहान कंपनी मोठ्या कंपनीला पैसे देते आणि मोठी कंपनी तिची माहिती जगभर पोहोचवते. दुसरा 'पीअरिंग': दोन कंपन्या फक्त आपापल्या ग्राहकांची माहिती थेट एकमेकींना देतात, बहुतेकदा पैसे न घेता. बाजारात स्पर्धा असली तरी इथे सहकार्य करावेच लागते. कारण ग्राहकाला फक्त आपल्या कंपनीचे नव्हे, तर सगळे इंटरनेट हवे असते.

परदेशाचा वळसा का पडत होता?

विदेश संचार निगमने (व्हीएसएनएल) १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. १९९८ पासून खासगी कंपन्यांना परवाने मिळू लागले. अनेक कंपन्यांनी परदेशी जोडणी विकत घेतली, पण देशात एकमेकींना भेटण्याची सामायिक जागा नव्हती. त्यामुळे एकाच शहरातल्या दोन ग्राहकांमधली माहितीही परदेशी कंपनीच्या यंत्रणेतून फिरून येई.

यात दुहेरी तोटा होता. पहिला पैशांचा: समुद्राखालच्या केबलवरची महागडी क्षमता देशातल्या देशात जाणाऱ्या माहितीसाठी खर्च होई. दुसरा वेळेचा: काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबई-लंडन सरळ अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. म्हणजे जाऊन येऊन किमान ७२ मिलिसेकंद, आणि केबल सरळ रेषेत नसल्याने प्रत्यक्षात त्याहून जास्त. नगर-मुंबई फेरीला हाच हिशेब अडीच मिलिसेकंदांचा आहे. व्हिडिओ कॉल किंवा ऑनलाइन गेममध्ये हा फरक लगेच जाणवतो.

इंटरनेट एक्स्चेंज म्हणजे काय?

यावरचा उपाय म्हणजे इंटरनेट एक्स्चेंज. डेटा सेंटरमध्ये एक मोठे स्विच बसवतात आणि प्रत्येक कंपनी आपली तार तिथे आणून जोडते. दहा कंपन्यांना एकमेकींशी थेट जोडायचे तर ४५ जोडण्या लागतात. एक्स्चेंजमध्ये दहाच पुरतात.

भारतात यासाठी १९ जून २००३ रोजी 'नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया' म्हणजे 'निक्सी' ही ना-नफा कंपनी स्थापन झाली. नोएडा, मुंबई, चेन्नई आणि कोलकाता ही तिची सुरुवातीची केंद्रे. देशातली माहिती देशातच फिरावी, हा तिचा हेतू.

मग अडचण कुठे आली?

स्विच बसवणे सोपे होते. पैशांचा नियम ठरवणे कठीण गेले. निक्सीत 'जो मागेल तो पैसे देईल' अशी पद्धत होती. म्हणजे ज्या कंपनीचे ग्राहक जास्त माहिती ओढून घेतात, तिने देणाऱ्या कंपनीला आकार द्यायचा. लहान पुरवठादारांचे ग्राहक मुख्यतः डाउनलोडच करतात. त्यामुळे जोडणीचा भार त्यांच्यावर पडे. ही पद्धत नंतर मोडीत निघाली.

दरम्यान मुंबईत खासगी एक्स्चेंज उभी राहिली. जर्मनीत फ्रँकफर्टला १९९५ मध्ये सुरू झालेल्या 'डी-सिक्स'चे मुंबईतही केंद्र आहे. 'एक्स्ट्रीम आयएक्स'ही इथे आहे. यासाठी मुंबई सोयीची ठरण्याचे कारण म्हणजे समुद्राखालच्या अनेक केबल याच शहरात किनाऱ्याला लागतात आणि मोठी डेटा सेंटरही इथेच आहेत. व्हिडिओ आणि समाजमाध्यमांच्या कंपन्या अशा ठिकाणी स्वतः येऊन जोडल्या जातात. लोकप्रिय व्हिडिओंच्या प्रती पुरवठादारांच्या जाळ्यातच साठवून ठेवण्याची सोयही काही कंपन्या करतात. त्यामुळे तुम्ही पाहता ते रील दरवेळी अमेरिकेहून येतेच असे नाही.

रस्ता कोण दाखवतो?

तार जोडली तरी कोणता पत्ता कोणत्या जाळ्यात आहे हे कळायला हवे. हे काम 'बीजीपी' नावाची पद्धत करते. १९८९ मध्ये तिचा पहिला मसुदा प्रसिद्ध झाला. प्रत्येक जाळे शेजाऱ्यांना सांगते, 'हे पत्ते माझ्याकडून पोहोचतात'. शेजारी ते पुढे सांगतात. मूळ पद्धतीत या दाव्याची खातरजमा करण्याची सोय नव्हती. सगळा व्यवहार विश्वासावर.

हा विश्वास तुटला की काय होते ते २४ फेब्रुवारी २००८ रोजी दिसले. पाकिस्तान टेलिकॉमने देशात यूट्यूब बंद करण्यासाठी चुकीचा मार्ग जाहीर केला. तो सीमेपलीकडे पसरला आणि सुमारे दोन तास जगात अनेक ठिकाणी यूट्यूब बंद पडले. भारतातही १६ एप्रिल २०२१ रोजी व्होडाफोन आयडियाच्या जाळ्यातून ३० हजारांहून अधिक चुकीचे मार्ग जाहीर झाले होते.

इथे हिवरे बाजारची आठवण होते. या कमी पावसाच्या गावात जमीन ज्याची त्याची, पण भूजल सगळ्यांचे. म्हणून गावाने शेतीसाठी बोअरवेलवर बंदी घातली आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवायला सुरुवात केली. एकाने नियम मोडला तर शेजाऱ्याची विहीर आटते. इंटरनेटवरही एकाची चूक दुसऱ्याची सेवा बंद पाडते. फरक असा की गावात ग्रामसभा आहे. जगभरच्या जाळ्यांना तशी ग्रामसभा नाही.

म्हणून उपाय स्वतःहून पाळायच्या नियमांचा आहे. पत्त्यांचा खरा मालक कोण, याची डिजिटल सही असलेली नोंद करता येते. तिला 'आरपीकेआय' म्हणतात. अशी नोंद तपासून चुकीचे मार्ग नाकारावेत, असे आवाहन २०१४ पासून 'मॅनर्स' हा जागतिक उपक्रम करतो. भारतात पत्त्यांचे वाटप करणारी 'आयआरआयएनएन' ही नोंदणी यंत्रणा निक्सीकडेच आहे.

गावापर्यंत हा फायदा पोहोचतो का?

एक्स्चेंज मुंबईत असले तरी गाव ते मुंबई तार हवीच. तिथेही वाटून घेणे कामी येते. एकाच टॉवरवर अनेक कंपन्यांची उपकरणे बसतात. २००७ मध्ये भारती, व्होडाफोन आणि आयडिया या स्पर्धकांनीच मिळून 'इंडस टॉवर्स' उभारली. ग्रामपंचायतींपर्यंत काचतंतू नेणाऱ्या 'भारतनेट'चा पायाही हाच आहे: सरकारी पैशातून तार टाकायची आणि ती सर्व परवानाधारक कंपन्यांना समान अटींवर खुली ठेवायची. गावात प्रत्येक कंपनीने वेगळी तार टाकणे परवडत नाही. एकच तार एकाच कंपनीच्या ताब्यात गेली, तर ग्राहकाला पर्याय उरत नाही.

आपली माहिती कुठून जाते हे घरच्या संगणकावरही पाहता येते. 'ट्रेसरूट' ही आज्ञा वाटेतल्या यंत्रांची यादी दाखवते. मुंबईतल्या संकेतस्थळाच्या वाटेत सिंगापूर किंवा लंडनमधले यंत्र दिसले, तर दोन कंपन्यांची जाळी जवळपास कुठे जोडलेली नसण्याची शक्यता मोठी.