रिगीची काठी

तर झालं असं, की गेल्या डिसेंबरमधल्या एका शनिवारी मी बाझेलच्या पीटर्सप्लाट्झवर भरणाऱ्या जुन्या बाजारात उगाच भटकत होतो. संध्याकाळी ऑफिसच्या कंपूबरोबर बारफ्युसरप्लाट्झच्या ख्रिसमस बाजारात ग्लूवाइन प्यायला जायचं होतं, त्याला अजून दोनेक तास होते. जुने कॅमेरे, पितळी घड्याळं, कुणाच्या तरी आज्जीचे चिनीमातीचे कप, असं सगळं बघत असताना एक काठी दिसली. माझ्या हनुवटीपर्यंत येईल एवढी उंच, खालच्या टोकाला लोखंडी अणी, आणि अंगावर गोल गोल फिरत गेलेली डागलेली अक्षरं: रिगी-कुल्म, गेमी, ग्रिंडेलवाल्ड. तापलेल्या लोखंडाने लाकडावर उठवलेली. मी विकणाऱ्या आजोबांना विचारलं, हे काय? ते हसून म्हणाले, "टुरिस्टांची काठी."

खरं सांगतो, 'टुरिस्ट' म्हटल्यावर माझा इंटरेस्ट अर्धा संपला. मी ट्रॅव्हलर. शुक्रवारी रात्री पाठीवर सॅक टाकायची, तिकीट स्वतः काढायचं, हॉस्टेलवर झोपायचं आणि सोमवारी सकाळी स्टँडअप मीटिंगला झोपाळलेल्या डोळ्यांनी हजर. टुरिस्ट म्हणजे ते बसमधून उतरतात ते. झेंडा धरलेल्या माणसाच्या मागे चालतात ते.

ह्या दुसऱ्या जातीत माझे आईबाबाही येतात, ही अडचण आहे. ती गोष्ट शेवटी सांगतो. आधी काठी.

तिला म्हणतात अल्पेनस्टॉक. आल्प्समधले मेंढपाळ आणि शिकारी बर्फावर तोल सांभाळायला वापरायचे ती साधी लाकडी काठी. १७८६ मध्ये बाल्मा आणि पाकार हे दोघे पहिल्यांदा माँ ब्लाँवर चढले, तेव्हा त्यांच्याकडे ना दोर ना आजच्यासारखी आइस-अ‍ॅक्स, अशाच काठ्या होत्या. पुढे एकोणिसाव्या शतकात ह्याच काठीला कुऱ्हाडीची जोड मिळून आइस-अ‍ॅक्स तयार झाली. म्हणजे गिर्यारोहक ज्या अवजाराचा अभिमान बाळगतात, त्याची आणि माझ्या हातातल्या 'टुरिस्ट' काठीची आई एकच.

मग ती मेंढपाळाच्या हातातून टुरिस्टच्या हातात कशी आली? इथे थॉमस कुक नावाचा माणूस येतो.

कुकचा जन्म १८०८ चा, इंग्लंडमधल्या डर्बीशरचा. शिकला सुतारकाम, झाला बॅप्टिस्ट प्रचारक आणि कट्टर दारूबंदीवाला. ५ जुलै १८४१ ला त्याने दारूबंदीच्या एका सभेसाठी लेस्टरहून लफबरोला सुमारे ५०० लोकांना खास रेल्वेने नेलं. भाडं एक शिलिंग. लोकांना दारूच्या गुत्त्यापासून दूर ठेवायचं तर दुसरं काहीतरी मजेचं द्यायला हवं, एवढं साधं त्याचं लॉजिक. दारू राहिली बाजूला, माणसं रेल्वेत बसायला लागली. पुढे तो स्कॉटलंडच्या सहली काढायला लागला. पण १८६२ च्या सुमारास स्कॉटिश रेल्वे कंपन्यांनी त्याला सवलतीची तिकिटं द्यायचं बंद केलं. व्हेंडरने अचानक हात वर केल्यावर आपलं जे होतं तेच त्याचं झालं. आणि त्याने जो दुसरा पर्याय शोधला, तो होता स्वित्झर्लंड.

२६ जून १८६३ ला कुकची स्वित्झर्लंडची पहिली सहल लंडनहून निघाली. तिच्यात यॉर्कशरच्या सेल्बी गावची जमायमा मॉरेल नावाची तिशीतली एक बाई होती. तिने आणि तिच्या सोबत्यांनी आपल्या टोळीला नाव दिलं होतं 'ज्युनियर युनायटेड अल्पाइन क्लब'. थोडक्यात, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपला आपण देतो तसलं नाव :) खरा अल्पाइन क्लब लंडनमध्ये १८५७ साली निघाला होता आणि त्यात बायकांना प्रवेश नव्हता, हे लक्षात घेतलं की त्या नावातली मजा कळते.

जमायमाने सगळ्या प्रवासाची डायरी लिहिली. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडले, त्यानंतर ढिगाऱ्यात एका पत्र्याच्या पेटीत ती सापडली आणि सहलीच्या शताब्दीला, १९६३ मध्ये, छापली गेली. तो प्रवास बघितला तर माझी 'ट्रॅव्हलर'गिरी जागच्या जागी गळून पडते. पॅरिस, जिनिव्हा, शामोनी, तिथली हिमनदी ओलांडून पुढे, लॉयकरबाडहून गेमी खिंड चढून कांडरस्टेग, मग इंटरलाकेन, ग्रिंडेलवाल्ड, लुसर्न आणि रिगी. जेमतेम तीन आठवडे. पहाटे चारला उठायचं, मिळेल तिथे रेल्वे, नाहीतर घोडागाडी, खेचर, बोट आणि उरलेलं पायी. बायकांनी हे सगळं केलं ते पायघोळ घेरदार झग्यात. आणि हो, ही कंडक्टेड टूर होती! झेंडा नव्हता एवढंच.

आता एक साधा प्रश्न. लोकांना एवढा वेळ मिळाला कुठून? तीन आठवडे सगळ्यांना नव्हतेच मिळत, जमायमाची मंडळी खाऊनपिऊन सुखी घरातली होती. पण खालच्या थरात दुसरं काहीतरी घडत होतं. १८५० च्या ब्रिटिश फॅक्टरी कायद्याने कापड गिरण्यांतल्या बायकांचं आणि पोरांचं काम शनिवारी दुपारी दोनला थांबायला लागलं. 'वीकेंड' ह्या गोष्टीचं बी ते. १८७१ मध्ये बँक हॉलिडेचा कायदा आला. आणि आपल्याकडे? मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली १८९० मध्ये, नारायण मेघाजी लोखंड्यांनी काही वर्षं लढा दिल्यावर. मी शुक्रवारी संध्याकाळी लॅपटॉप बंद करून ट्रेन पकडतो तेव्हा मला वाटतं ही माझी सुट्टी. ती कुणीतरी भांडून मिळवलेली आहे, हे मला इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत कुणी सांगितलं नाही. मीही कुणाला विचारलं नाही म्हणा.

असो. तर कुकची माणसं युरोपात दिसायला लागली, आणि लगेच नाकं मुरडणं सुरू झालं. चार्ल्स लीव्हर नावाचा आयरिश कादंबरीकार तेव्हा इटलीत ब्रिटिश व्हाइस-कॉन्सल होता. १८६५ मध्ये त्याने टोपणनावाने ब्लॅकवूड्स मासिकात लिहिलं, की ऑस्ट्रेलियाने ब्रिटिश कैदी घ्यायला नकार दिलाय, म्हणून सरकार त्यांना कुकच्या सहलींतून युरोपात सोडतंय! हा त्याचा विनोद. गंमत म्हणजे काही लोकांनी तो खरा मानला. त्याच वर्षी जॉन रस्किनने गिर्यारोहकांनाच झापलं, की आल्प्स म्हणजे देवळं, आणि तुम्ही त्यांचा आखाडा केलात. म्हणजे बघा, गिर्यारोहक टुरिस्टांना हसतात आणि रस्किन गिर्यारोहकांना. प्रत्येकाला आपल्यानंतर आलेला माणूस गर्दी वाटतो. ही उतरंड काही मी शोधून काढलेली नाही, १६० वर्षं जुनी आहे.

ह्या भांडणात ज्यांना कुणी विचारलं नाही ते म्हणजे तिथे राहणारे लोक. आज बाझेलमध्ये कॉफीचे सहा फ्रँक मोजताना विश्वास बसत नाही, पण तेव्हा डोंगरातला स्वित्झर्लंड गरीब होता. व्हॅलेच्या खोऱ्यात गलगंड सर्रास दिसायचा; आयोडीनयुक्त मीठ आलं ते १९२२ मध्ये. १८१५ ला इंडोनेशियात तांबोराचा ज्वालामुखी फुटला, आकाशात राख पसरली आणि पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळा आलाच नाही. पिकं गेली, स्वित्झर्लंडमध्ये दुष्काळ पडला. त्याच १८१६ च्या उपाशी वर्षात ब्रिएन्झ गावच्या क्रिस्टियान फिशर नावाच्या लाकूड कातणाऱ्या कारागिराने नक्षी कोरलेल्या वस्तू करायला सुरुवात केली असं सांगतात. प्रवासी त्या विकत घेऊ लागले. बघता बघता आख्खं गाव कोरायला लागलं. अस्वलं, डबे, पेपर कापायच्या सुऱ्या, काठ्या. १८८४ मध्ये तिथे कोरीवकामाची शाळा निघाली, ती आजही आहे. म्हणजे ज्याला आपण 'टुरिस्टी कचरा' म्हणतो, तो एका गावाने भुकेवर शोधलेला उपाय होता.

अल्पेनस्टॉकचंही तेच. काठी विकत घ्यायची, आणि प्रत्येक खिंडीत, प्रत्येक शिखरावर थोडे पैसे देऊन तिच्यावर त्या जागेचं नाव डागून घ्यायचं. आपण फेसबुकवर चेक-इन करायचो ना, तसंच, फक्त भट्टी पेटवलेली. पुढे डागण्याच्या जोडीला छोटे धातूचे बिल्ले आले, खिळ्याने काठीवर ठोकायचे. मार्क ट्वेनने १८८० च्या 'अ ट्रॅम्प अब्रॉड' मध्ये ह्या प्रकाराची यथेच्छ टिंगल केली आहे. रिगीचा सूर्योदय बघायला गेलेला तो इतका झोपतो, की सूर्योदय समजून मावळता सूर्य बघत बसतो, हा प्रसंगही त्यातलाच.

रिगी म्हणजे काही मोठं प्रकरण नाही बरं का. उंची सुमारे १७९८ मीटर. आपलं कळसूबाई १६४६. पण खाली तळी आणि समोर आल्प्सची रांग, म्हणून सूर्योदयासाठी प्रसिद्ध. माथ्यावर १८१६ पासून राहायची सोय होती. लोक चालत जायचे, घोड्यावर जायचे, आणि ज्यांना जमत नसे ते माणसांच्या खांद्यावर, खुर्चीत बसून. अगदी आपल्या डोलीसारखं. मग २१ मे १८७१ ला निकलाउस रिगेनबाखची दातेरी रुळाची रेल्वे फित्सनाऊहून वर निघाली, युरोपातली पहिली डोंगरी दातेरी रेल्वे. म्हातारी माणसं, लहान पोरं, गुडघे दुखणारे, सगळे वर पोचायला लागले. डोलीवाल्यांचं काम मात्र कमी होत गेलं. काठीचंही काम संपलं, पण विक्री संपली नाही. चालायची वस्तू होती, ती आठवणीची झाली. आमच्या भाषेत सांगायचं तर फीचर काढून टाकलं, आयकॉन राहिला.

त्याच काळात पॅरिसमध्ये दुसऱ्या टोकाचा माणूस हाताने प्रवासाचं सामान बनवत होता. ज्युरा डोंगरातून पायी पॅरिसला आलेला लुई व्हितॉं. आधी तो श्रीमंतांचे कपडे पेट्यांत भरून द्यायचं काम शिकला, १८५४ मध्ये त्याने स्वतःचं दुकान काढलं. तेव्हाच्या ट्रंकांची झाकणं फुगीर असत, पावसाचं पाणी ओघळून जावं म्हणून. लुईने १८५८ मध्ये पाणी न शिरणारं कापड लावून सपाट झाकणाची ट्रंक केली, म्हणजे रेल्वेच्या डब्यात एकावर एक रचता येईल. त्याच्या नकला इतक्या झाल्या, की शेवटी १८९६ मध्ये त्याच्या मुलाने आज आपल्याला माहीत असलेला मोनोग्राम आणला. १९२६ साली बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांसाठी ह्याच कंपनीने प्रवासात चहा करायची खास पेटी बनवली होती. म्हणजे एक मराठी राजासुद्धा युरोपात आपला चहा घेऊनच हिंडत होता.

ही चहाची पेटी वाचली आणि मला आईच आठवली.

पाच वर्षांपूर्वीपर्यंत माझ्या आईबाबांनी विमान आतून बघितलं नव्हतं. मग आमच्या डोंबिवलीतल्याच ओळखीच्या चाळीस जणांबरोबर ते युरोप टूरला आले. मी तेव्हा इथे थोड्या दिवसांच्या कामासाठी आलो होतो, म्हणून एका रविवारी लुसर्नला भेटायला गेलो. बसमधून सगळे उतरले. बाबांच्या डोक्यावर माकडटोपी. आणि आईच्या गळ्यात तिने स्वतः शिवलेली पासपोर्टची पिशवी. जुन्या नारायणपेठच्या काठाची, आत तीन थर घालून गोधडीसारखे टाके मारलेली, वर लाल दोऱ्याने तिचं नाव. तिने ग्रुपमधल्या सगळ्या बायकांना तशा करून दिल्या होत्या. माझ्यासाठीही एक आणली होती. मी ती घेतली आणि लगेच सॅकच्या तळाशी कोंबली. बोटीवर तिने चिवड्याचा डबा उघडला तेव्हा मी कठड्याजवळ जाऊन उभा राहिलो, दुसऱ्याच कुणाबरोबर असल्यासारखा. ती काही बोलली नाही. तिला कळलं होतं.

रिगीला ते रेल्वेनेच गेले. बाबांचे गुडघे तेव्हाच कामातून गेलेले. रेल्वे नसती तर बाबांनी ते शिखर कधीच बघितलं नसतं. आणि टूर नसती तर दोघं डोंबिवलीच्या पुढे निघालेच नसते, कारण त्यांना ना भाषा येत होती, ना व्हिसाचे फॉर्म भरता येत होते, आणि मुलगा 'बिझी' होता.

थॉमस कुकने काढलेली ब्रिटिश कंपनी २३ सप्टेंबर २०१९ ला बुडाली. तिच्या मुंबईतल्या पहिल्या ऑफिसपासून, म्हणजे १८८१ पासून, चालत आलेली भारतीय कंपनी तोवर वेगळी झाली होती, म्हणून ती वाचली. ब्रिटनचे दीड लाखांवर प्रवासी जगभर अडकले. त्यांना परत आणायच्या सरकारी मोहिमेला नाव दिलं होतं 'ऑपरेशन मॅटरहॉर्न'. जिथे कुक जमायमाला घेऊन गेला, त्याच देशाच्या डोंगराचं नाव.

काठी मी घेतली. आजोबांनी चाळीस सांगितले, तीसला दिली. संध्याकाळी ती घेऊन ख्रिसमस बाजारात गेलो तर कंपूतल्या एकाने विचारलं, "हे काय, टुरिस्ट झालास?"

घरी आल्यावर सॅकचा तळ उपसला. पिशवी तिथेच होती, घडीवर सुरकुत्या पडलेल्या. माझं नाव लाल दोऱ्यात. मग आईला फोन लावला, काठीबद्दल सांगितलं, रिगीचं नाव डागलंय म्हणालो. ती म्हणाली, "आपण गेलो होतो तोच ना डोंगर?"

मी त्या दिवशी लुसर्नहूनच परत फिरलो होतो, त्यांच्याबरोबर वर गेलो नव्हतो. पण ती 'आपण' म्हणाली, आणि मी "हो" म्हणालो.

मार्चमध्ये दोघांची तिकिटं काढतोय. ह्या वेळी वर जायचं. पिशव्या आईला सांगितल्यात, दोन नव्या. माझी आहे.