टपालाच्या पिशवीमागून

आमच्या सुभानपुऱ्यात संध्याकाळी गच्चीवर उभे राहिले, की हरणीच्या विमानतळाकडे उतरणारे एखादे विमान कधी कधी दृष्टीस पडते. आत बसलेल्या उतारूंचा थोडासा हेवाही वाटतो. परंतु आपल्या देशातील पहिला नियमित हवाई मार्ग उतारूंसाठी आखला गेलाच नव्हता. तो आखला गेला टपालासाठी, आणि उतारू त्या टपालाच्या पिशवीमागून आला.

१९२९ साली इंपीरियल एअरवेज या ब्रिटिश कंपनीने लंडन ते कराची अशी साप्ताहिक सेवा सुरू केली. विलायतेचे पत्र कराचीपर्यंत वाऱ्यावर स्वार होऊन येई. पुढे मुंबई-मद्रासकडे जाताना मात्र त्याची गती मंदावे. नेव्हिल व्हिन्सेंट या अनुभवी वैमानिकाने ही उणीव हेरली आणि योजना टाटांकडे नेली. सरकारी संमतीस सुमारे तीन वर्षे लागली. द्रव्यसाहाय्य तर नाहीच; वाहिलेल्या टपालाच्या वजनावर जे मिळेल तेच उत्पन्न. भांडवल दोन लाख रुपये, आणि ताफा म्हणाल तर ‘पस मॉथ’ जातीची, एकेका एंजिनाची दोन इवलीशी विमाने!

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी २८ वर्षांचे जे. आर. डी. टाटा कराचीहून निघाले आणि अहमदाबादेस थांबून दुपारी जुहूस उतरले. तेथून व्हिन्सेंट यांनी टपाल पुढे नेले. रात्री बळ्ळारीस मुक्काम करून दुसऱ्या दिवशी ते मद्रासला पोहोचले. विमानात रेडिओ नव्हता, वाट दाखविणारे कोणतेही साधन जमिनीवर नव्हते. अहमदाबादेस लागणारे पेट्रोल चार-चार गॅलनच्या डब्यांत भरून चक्क बैलगाडीतून आणले होते. बैल आणि विमान यांची ही भेट मला त्या साऱ्या उड्डाणाहून अधिक मोलाची वाटते. आमच्या बडोद्यास मात्र या मार्गावर थांबा लाभला नाही.

जुहूचे मैदान म्हणजे चिखलाची सपाटी. पावसाळ्यात तेथे पाणी भरे, तेव्हा सारे बिऱ्हाड पुण्यास हलवीत आणि येरवड्याच्या तुरुंगाजवळच्या मैदानावरून विमाने उडवीत. एवढ्या अडचणींतूनही १९३३ साली १ लाख ६० हजार मैलांचे उड्डाण झाले. त्या वर्षी टपाल वाहिले जवळजवळ दहा टन. उतारू अवघे १५५, म्हणजे आठवड्याला सरासरी तीन!

दुसरे महायुद्ध संपल्यावर लष्कराने काढून टाकलेली डकोटा विमाने स्वस्तात मिळू लागली, कंपन्या भराभर निघाल्या, आणि उतारू तितके कोठून आणावेत हा पेच पडला. अशा वेळी पुन्हा टपालच कामी आले. ३० जानेवारी १९४९ रोजी रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. तिची रचना इतकी सोपी, की कोणालाही सुचावी. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री एकेक विमान निघे. देशाच्या मध्यावर असलेल्या नागपुरात मध्यरात्रीच्या सुमारास चारही विमाने एकत्र येत. पिशव्यांची अदलाबदल होई, उतारूही विमाने बदलीत, आणि पहाटेपर्यंत जो तो आपापल्या गावी परत! संत्र्यांचे नागपूर असे रोज रात्री तासा-दोन तासांपुरते साऱ्या देशाचे टपालघर बनत असे. त्याच वर्षीच्या १ एप्रिलपासून देशांतर्गत पत्रे जादा आकार न घेता विमानाने जाऊ लागली. मद्रासला नोकरीस असलेल्या मुलाचे साधे पत्रही त्यामुळे आकाशमार्गाने येऊ लागले.

१ ऑगस्ट १९५३ रोजी आठ कंपन्या एकत्र करून इंडियन एअरलाइन्स स्थापन झाली. तिच्या वाट्यास आलेल्या ९९ विमानांपैकी ७४ डकोटाच होती. त्याच वर्षी १२ डिसेंबरच्या रात्री मद्रासकडे जाणारे टपालाचे डकोटा नागपूरहून उडताच कोसळले. आतील १४ जणांपैकी १३ प्राणास मुकले. वाचला तो केवळ वैमानिक. तरी सेवा खंडली नाही, ती पुढे अनेक वर्षे चालू राहिली. सकाळी दारात पडलेले पाकीट फोडणाऱ्यास मात्र, ते रात्री नागपुरात एका विमानातून दुसऱ्यात गेले होते, याची बहुधा कल्पनाही नसे.