आयुष्मान भारत डिजिटल अभियान : माहितीचे नियमन आणि टिकाऊ रचना

नागरिकांच्या आरोग्यनोंदी त्यांच्या संमतीने एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे जाव्यात यासाठी केंद्र सरकारने उभारलेली व्यवस्था. राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरण ती चालवते. 15 ऑगस्ट 2020 रोजी ‘राष्ट्रीय डिजिटल आरोग्य अभियान’ या नावाने तिची घोषणा झाली. लडाख, चंडीगड, पुदुच्चेरी यांसह सहा केंद्रशासित प्रदेशांत चाचणी झाल्यावर 27 सप्टेंबर 2021 रोजी ती आजच्या नावाने देशभर सुरू झाली. पुढच्या फेब्रुवारीत केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी पाच वर्षांकरिता 1,600 कोटी रुपये मंजूर केले.

नोंदींचे मध्यवर्ती कोठार उभारायचे नाही, हा या रचनेतला सर्वांत शहाणा निर्णय. केसपेपर, तपासणीचा अहवाल, डिस्चार्ज कार्ड जिथे तयार होते तिथेच राहते. मध्यवर्ती पातळीवर असतात त्या ओळख पटवणाऱ्या नोंदवह्या : नागरिकाचा 14 अंकी आभा क्रमांक, आरोग्य व्यावसायिकांची यादी आणि आरोग्यसंस्थांची यादी. नव्या डॉक्टरला जुनी नोंद हवी असेल तर त्याची विनंती रुग्णाच्या मोबाइलवर येते. कोणत्या कारणासाठी, कोणत्या काळातल्या, कोणत्या प्रकारच्या नोंदी किती मुदतीपर्यंत दाखवायच्या, हे रुग्ण ठरवतो. मग नोंद कूटबद्ध होऊन थेट मागणाऱ्या संस्थेकडे जाते आणि मधल्या यंत्रणेला ती वाचता येत नाही. नोव्हेंबर 2022मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला, तेव्हा ओपीडीपासून तपासण्यांपर्यंतचे काम कित्येक दिवस कागदावर चालले. सगळ्या देशाच्या नोंदी एका जागी असत्या तर अशा हल्ल्याचा घाव किती खोल गेला असता, याची कल्पना यावरून येते. मात्र साठवण विखुरली की सुरक्षेचा भारही विखुरतो, आणि तो छोट्या दवाखान्यांना पेलणे अवघड असते.

खरी परीक्षा संमतीची आहे. संमतीची अट घालणारे अभियानाचे आरोग्य माहिती व्यवस्थापन धोरण डिसेंबर 2020मध्ये मंजूर झाले. आभा ऐच्छिक आहे, असेही सरकार सांगते. तरीही 2021मध्ये आधार दाखवून कोविडची लस घेतलेल्या अनेकांचा आरोग्य ओळख क्रमांक (म्हणजे आजचा आभा) त्यांना न विचारता तयार झाला आणि तो लसीकरणाच्या प्रमाणपत्रावर छापून आला. केसपेपरच्या खिडकीपाशी ताप अंगावर घेऊन उभ्या असलेल्या माणसाचा ‘हो’ हा पुरता स्वेच्छेचा मानता येत नाही. म्हणून नकार देणाऱ्यालाही तेच उपचार त्याच वेळेत मिळणे ही संमतीची पहिली अट ठरते.

तांत्रिक टिकाऊपणा खुल्या मानकांवर उभा आहे. नोंदींच्या देवाणघेवाणीसाठी ‘फायर’ हे आंतरराष्ट्रीय मानक वापरल्याने सॉफ्टवेअर पुरवणारी कंपनी बदलली तरी जुन्या नोंदी वाचता येतात. छत्तीसगडमधील गनियारीच्या जन स्वास्थ्य सहयोग रुग्णालयाच्या गरजांतून घडलेली ‘बाहम्नी’ ही मुक्तस्रोत प्रणालीही या अभियानाशी जोडता येते. परवाना शुल्क न परवडणाऱ्या ग्रामीण रुग्णालयांना असाच मार्ग हवा.

कायद्याची बाजू अजून लंगडी आहे. आरोग्यमाहितीसाठी 2018मध्ये तयार झालेला स्वतंत्र कायद्याचा मसुदा मागे पडला. 2011च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी वैद्यकीय नोंदींना ‘संवेदनशील’ म्हटले होते; डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, 2023 मध्ये तसा वेगळा वर्गच नाही. एचआयव्हीचा अहवाल आणि दुकानाचे बिल यांना एकच माप लावणारा कायदा रुग्णाला पुरेसा नाही.